ओलं वेगळं, सुकं वेगळं

एका गावात एक भोळी सून होती. नवी सून भोळीच असते, असं पहिले सहा महिने सगळेच म्हणतात. मग हळूहळू मत बदलतं. हिच्या बाबतीत ते बदलावं असं काही घडलंच नाही.

तिचं नाव ऋजुता. ऋजुता म्हणजे सरळपणा. आईबापांनी हौसेनं ठेवलं आणि मुलीनं ते मनावर घेतलं. ती घाटावरची. तिकडे तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गावचा पाझर तलाव, तोही मार्चपर्यंत. लग्न होऊन ती समुद्राकाठच्या पुळणवाडीत आली, तांडेलांच्या घरी. पुळण म्हणजे वाळूचा किनारा. नवरा हरेश मासेमारीच्या बोटीवर. आठ दिवस समुद्रात, दोन दिवस घरी. सासू द्रौपदीबाई दहाही दिवस घरी. तेव्हा संसार कुणाशी करायचा होता ते उघडच होतं.

पाठवणीच्या वेळी आईनं डोळे पुसत सांगितलं होतं, "बाई, सासूचा शब्द खाली पडू देऊ नकोस."

ऋजुतानं यावर वाटेत पुष्कळ विचार केला. शब्द खाली पडायचा नसेल तर तो कुठेतरी बांधून ठेवायला हवा. म्हणून सासू काही महत्त्वाचं बोलली की ती ओढणीच्या टोकाला एक गाठ मारायची. घट्ट, दुहेरी. लोकांना वाटायचं, सुनेला ओढणीशी चाळा करायची सवय आहे.

आता द्रौपदीबाईंचं सांगायला हवं. त्यांच्या मनात पंधरा वर्षं एकच गोष्ट होती. ओटा.

पुळणवाडीच्या बायका जवळा सुकवून विकायच्या. जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी. ती वाळूवर पसरायची, उन्हात उलथायची, दोन दिवसांनी गोळा करायची. वाळूत सुकवला की जवळ्यात वाळू येते. कितीही पाखडा, दाताखाली कच्चकन लागतेच. बाजारातल्या बायकांनी तर म्हणच पाडली होती, 'पुळणवाडीचा जवळा, वजनाला बरा.' ही म्हण ऐकली की द्रौपदीबाईंना रात्री जेवण जात नसे. सिमेंटचा एक लांबरुंद ओटा मिळाला तर वाळू जाईल आणि म्हणही जाईल, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि त्या वर्षी तालुक्याहून पत्र आलं. जे गाव आपला किनारा प्लास्टिकमुक्त करील, त्या गावाला सुकवणीचा ओटा. चार रविवार श्रमदान करायचं. पाचव्या रविवारी साहेब येऊन बघणार.

द्रौपदीबाई महिला गटाच्या अध्यक्ष होत्या. शेजारच्या यमुनाकाकू उपाध्यक्ष, कारण शेजारी राहून त्यांना गप्प बसवणं शक्य नव्हतं. गटात बावीस बायका. तेविसावी ऋजुता.

पहिल्या रविवारी सकाळी द्रौपदीबाईंनी तिच्या हातात रिकामं पोतं दिलं.

"आई, काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे काय गो? दिसेल ते उचलायचं आणि पोत्यात भरायचं. हात थांबता कामा नये."

"बरं," ऋजुता म्हणाली, आणि तिनं ओढणीला गाठ मारली.

किनाऱ्यावर पुष्कळ काही दिसत होतं. बाटल्या, वेफर्सची पाकिटं, नायलॉनच्या दोरीचे तुकडे, अर्धी बाहुली, एक दात घासायचा ब्रश. ऋजुतानं ते सगळं उचललं. मग सुरूच्या झाडाखाली बावीस जोड चपला दिसल्या. त्याही उचलल्या. चहाचा थर्मास दिसला, उचलला. यमुनाकाकूंची पिशवी दिसली, तिच्यात चष्मा दिसला, दोन्ही उचलले. होडीचा नांगर दिसला. तो मात्र काही केल्या पोत्यात जाईना. त्याचं तिला वाईट वाटलं.

अकरा वाजता पंचायतीचा ट्रॅक्टर आला आणि पोती घेऊन गेला. बायका चहाला जमल्या.

"ऋजुता, चपला कुठे गेल्या?" द्रौपदीबाईंनी विचारलं.

"पोत्यात."

"का?"

"दिसल्या."

द्रौपदीबाईंनी आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आणि थर्मास?"

"तोही दिसला."

"माझा चष्मा?" यमुनाकाकूंनी विचारलं.

"तोही पोत्यात, काकू. पिशवीत दिसला म्हणून घेतला. जवळच होता."

त्या दिवशी पुळणवाडीच्या बावीस बायका तापलेल्या डांबरी रस्त्यावरून घरी गेल्या. चालत गेल्या असं म्हणता येणार नाही. लांबून बघणाऱ्याला वाटलं, महिला गटानं झिम्मा बसवलाय. चपला दुसऱ्या दिवशी कचरा डेपोतून शोधून आणल्या. डाव्या-उजव्याचा हिशेब मात्र शेवटपर्यंत लागला नाही.

"माझं चुकलं," ऋजुता म्हणाली. ती चूक लपवणारी नव्हतीच. "पुढच्या वेळी काय करू?"

"पुढच्या वेळी," द्रौपदीबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आधी विचारायचं, हे कोणाचं? मालक असला की ज्याचं त्याला नेऊन द्यायचं."

"बरं." दुसरी गाठ.

दुसऱ्या रविवारी पुळणीवर शहरातून सहलीला आलेला एक टोपीवाला होता. त्यानं पाणी पिऊन बाटली वाळूत टाकली. ऋजुता धावत गेली.

"भाऊ, तुमची बाटली राहिली."

टोपीवाला म्हणाला, "नको आहे मला." आणि पुढे जाऊन टाकली. ऋजुता पुन्हा धावली. "भाऊ, राहिली." त्यानं खडकाआड टाकली, तिनं खडकाआडून आणून दिली. त्यानं पाठीमागे भिरकावली, तिनं समोरून आणून दिली. सातव्या वेळेला टोपीवाल्यानं बाटली निमूट आपल्या पिशवीत घातली आणि गाडीत बसून काचा वर केल्या.

बायका बघत होत्या. यमुनाकाकू म्हणाल्या, "द्रौपदे, तुझी सून कामाची निघाली गो." द्रौपदीबाईंना बरं वाटलं. इथेच रविवार संपला असता तर ही गोष्टही इथेच संपली असती.

पण भरतीच्या रेषेवर कचऱ्याची लांबच लांब रांग लागली होती, आणि तिचा मालक कोण ते ऋजुताला कळेना. ती एकेक वस्तू उचलून बायकांपाशी जाऊ लागली.

"काकू, ही डावी स्लीपर तुमची?"

"नाय."

"हे शाम्पूचं पाकीट?"

"नाय गो."

"ही बादलीची कडी?"

तिसऱ्यांदा यमुनाकाकूंचं डोकं फिरलं. "माझं काय नाय त्यातलं. समुद्राचं आहे सगळं. समुद्रानंच आणून टाकलंय, त्याला जाऊन विचार."

ऋजुताला हायसं वाटलं. एवढ्या सगळ्याचा मालक शेवटी सापडला होता, आणि तो समोरच होता.

ती कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि चार पोती कचरा समुद्राला परत देऊन आली. फेकला नाही. एकेक वस्तू दोन्ही हातांनी दिली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये अशी घाटावर रीत आहे, म्हणून बाटल्यांत मूठमूठ वाळूही घातली.

समुद्रही रीतभात पाळणारा निघाला. संध्याकाळच्या भरतीला त्यानं सगळं परत पाठवलं, आणि रिकामं नाही पाठवलं. पलीकडच्या गावचाही कचरा सोबत दिला.

द्रौपदीबाई अंगणात उभ्या राहून किनाऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांना किनारा दिसत नव्हता, ओटा लांब जाताना दिसत होता.

"माझं चुकलं," ऋजुता म्हणाली. "पुढच्या वेळी?"

"समुद्रातून आलेलं परत समुद्रात टाकायचं नाय. कधी म्हणजे कधी नाय. समुद्रातून येईल ते पोत्यात. एवढं लक्षात ठेवशील?"

"बरं." तिसरी गाठ. ओढणी आता खांद्यावरून घसरायला लागली होती. शहाणपण वाढत असेल तर लांबी कमी होणारच, असं तिनं मनाशी म्हटलं.

तिसऱ्या रविवारी हरेशची बोट आली. आठ दिवसांनी नवरा येतोय म्हटल्यावर नवी नवरी काय करते? पदर सावरते, लाजते, दाराआड होते. ऋजुता पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. हरेश गुडघाभर पाण्यातून हसत हसत आला. तिनं त्याच्यापुढे पोत्याचं तोंड उघडून धरलं.

"हे काय?"

"पोतं."

"ते दिसतंय. कशाला?"

"तुम्हाला."

हरेशनं पोत्याकडे बघितलं, मग लांब उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. "आईनं सांगितलं?"

"समुद्रातून येईल ते पोत्यात, म्हणाल्या."

हरेश आईला घाबरून असायचा. त्यानं एक पाय पोत्यात घालूनही बघितला. "मावणार नाही गं मी."

"गुडघे दुमडून बघा."

तेवढ्यात द्रौपदीबाई पोचल्या म्हणून तो वाचला. मासळी मात्र वाचली नाही. नवराबायकोला बाजूला घेऊन त्या समजावत असताना खलाश्यांनी माशांच्या टोपल्या उतरवून ठेवल्या, आणि परत आलेल्या ऋजुतानं त्या एकामागून एक पोत्यांत रिकाम्या केल्या. त्याच पोत्यांत सकाळपासूनच्या बाटल्या होत्या, पिशव्या होत्या, कुणाचंतरी डायपरही होतं. बोंबील, कोळंबी, बाटली, पिशवी, पुन्हा बोंबील. खलाशी दुपारभर मासे निवडत बसले. त्यांतला सगळ्यात म्हातारा मधूनच म्हणायचा, "जाळ्यातसुद्धा हल्ली असंच येतं. सवय आहे आम्हाला."

"माझं चुकलं," ऋजुता म्हणाली. "पुढच्या वेळी?"

द्रौपदीबाईंनी या खेपेस चांगला दीर्घ श्वास घेतला. "पुढच्या वेळी, एकात एक मिसळायचं नाय. ओलं वेगळं, सुकं वेगळं. ओला कचरा माडाखालच्या खड्ड्यात. सुका कचरा पंचायतीच्या गाडीत. ओल्यात सुकं नाय, सुक्यात ओलं नाय. पोरंसुद्धा शाळेत शिकतात हे."

"बरं." चौथी गाठ. हिला तिनं जरा जास्तच जोर लावला.

दोन दिवसांनी हरेश पुन्हा बोटीवर जायला निघाला. जाता जाता त्यानं बायकोला हळूच विचारलं, "खरं सांग, तू अशीच आहेस की मुद्दाम करतेस?"

ऋजुतानं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "मुद्दाम करायला मला कुणी सांगितलेलं नाही," ती म्हणाली.

हरेश बोटीपर्यंत हसत गेला, आणि पुढे काय होणार ते बघायला आपण इथे नसणार याचं त्याला बरं वाटलं की वाईट, ते त्यालाही कळलं नाही.

चौथ्या रविवारी ऋजुता एकटी लवकर गेली. भरती नुकती ओसरली होती. तिनं पहिली बाटली उचलली, हात फिरवून बघितला. ओली. पिशवी उचलली. ओली. दोरी, ब्रश, डबा, चमचा. सगळं ओलं. सुक्या होत्या फक्त वरच्या अंगाला पडलेल्या माडाच्या झावळ्या आणि सुरूचा पाचोळा. दहा वाजेपर्यंत पुळण आरशासारखी लख्ख झाली. असं काम बावीस बायकांनी मिळून केलं नव्हतं.

द्रौपदीबाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "पोरी, जिंकलीस." मग त्या माडाखाली गेल्या.

खतासाठी खणलेल्या खड्ड्यात वरपर्यंत प्लास्टिक भरलं होतं, आणि वर नीट माती लोटलेली होती. त्याच वेळी पंचायतीचा ड्रायव्हर ट्रॅक्टर भरून झावळ्या परत घेऊन आला. "बाई, हे जळण तुमचंच ना? डेपोवाले हसायला लागले मला."

"ऋजुता, हा ओला कचरा?"

"हो."

"अगो, प्लास्टिक ते. प्लास्टिक कधी ओलं असतं?"

ऋजुतानं खड्ड्यातली वरची बाटली काढून सासूच्या हातात दिली. बाटलीतून पाणी ठिबकलं. द्रौपदीबाईंच्या पायावर पडलं.

बावीस बायका बघत होत्या. यमुनाकाकूंनी तोंडाला पदर लावला होता. अशा वेळी माणूस जे बोलतं ते काही सांगण्यासाठी बोलत नाही. द्रौपदीबाई म्हणाल्या, "मग सुकव त्याला. टांग बोंबलासारखं. ओलं दिसलं की सुकवायचं, सुकल्याशिवाय कुठे पाठवायचं नाय. जा."

"बरं," ऋजुता म्हणाली. ओढणीला आता गाठ बसेना. पाचवी गाठ तिनं चौथीच्याच पोटात मारली.

पाचवा रविवार उजाडला. साहेब नऊला येणार होते. द्रौपदीबाई आठला पुळणीवर आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

बोंबील सुकवायला किनाऱ्यावर बांबू पुरून दोऱ्या ताणलेल्या असतात. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, अशी पद्धत. त्या सगळ्या दोऱ्यांवर पिशव्या होत्या. धुतलेल्या. एकीचा बंद दुसरीच्या बंदात अडकवून, जोडीजोडीनं टांगलेल्या. खालच्या दोऱ्यांवर बाटल्या, गळ्यात सुतळी बांधून. निळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या. वारा सुटला होता आणि सगळं सळसळत होतं. पूर्ण आठवडा ऋजुता खड्डा उकरत होती आणि धूत होती, आणि आदल्या रात्री तिनं सगळं टांगलं होतं. घरात सगळ्यांना वाटलं, ती धुणं धुतेय.

काढायला वेळ नव्हता. साहेबांची गाडी आलीच.

साहेबांचं नाव कुरणे. तेही घाटावरचे. समुद्र त्यांनी फायलीत पुष्कळ पाहिलेला होता. त्यांनी आधी वाळू बघितली. वाकून बघितली, चालून बघितली. काडी सापडली नाही. मग त्यांची नजर दोऱ्यांवर गेली. ते बराच वेळ बघत राहिले.

"हे कोणते मासे?" त्यांनी विचारलं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी यमुनाकाकू म्हणाल्या, "साहेब, हल्ली जाळ्यात हेच जास्त येतात."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. द्रौपदीबाईंना ते वाचता आलं नाही, पण अक्षर बारीक होतं, आणि बारीक अक्षरात चांगलं काही लिहीत नाहीत असा त्यांचा अनुभव होता.

मग साहेबांना फोटो काढावासा वाटला. पँट दुमडून ते पाण्यात गेले, पाठ समुद्राकडे करून उभे राहिले आणि हसले. समुद्राकडे पाठ करू नये, हे पुळणवाडीत चालायला लागलेल्या पोरालाही माहीत असतं. साहेबांना सांगायचं कुणी? एक लाट आली. साहेब दिसेनासे झाले. लाट गेली तेव्हा ते वाळूवर चारी हातापायांवर होते आणि डोक्यावर शेवाळ होतं.

बायका घाबरून जागीच थिजल्या. ऋजुता मात्र थिजली नाही. तिच्या मनात आजवर इतका स्वच्छ प्रकाश कधी पडला नव्हता. आजवर दर वेळी एकच शब्द तिच्यापाशी होता आणि तो कमी पडला होता. आज सगळे होते. तिनं ओढणीच्या गाठी चाचपल्या.

दिसेल ते उचलायचं. तिनं साहेबांना बखोटीला धरून उचललं.

आधी विचारायचं. "हे कोणाचं?" तिनं मोठ्यानं विचारलं. बावीस बायकांनी खाली बघितलं. कुणी मालकी सांगेना.

समुद्रातून येईल ते पोत्यात. तिनं रिकामं पोतं साहेबांच्या डोक्यावरून घातलं. पावसात खोळ घेतात तसं ते बसलं.

ओलं वेगळं. तिनं साहेबांना बायकांपासून लांब नेलं. आणि ओलं दिसलं की सुकवायचं. दोऱ्या सगळ्या भरलेल्या होत्या. पण पलीकडे वाळूवर जवळा पसरला होता, आणि त्याच्या कडेला एका माणसापुरती जागा होती.

"आडवे व्हा, साहेब."

कुरणे साहेबांच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं. कुणीतरी ठामपणे काही सांगतंय याचाच त्यांना आधार वाटला. ते आडवे झाले. ऊन चांगलं होतं. जवळा तासातासानं उलथावा लागतो, नाहीतर एका अंगानं ओला राहतो. ऋजुता शेजारी बसून राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "आता दुसरी बाजू."

साहेब कुशीवर वळले.

तासाभरानं धीर करून द्रौपदीबाई तिथे येऊन उभ्या राहिल्या. पंधरा वर्षांचा ओटा वाळूत आडवा पडलेला त्यांना दिसत होता. साहेब उठून बसले. कपडे कडकडीत सुकले होते. त्यांनी कान झटकला, वाळू पडली. खिसा उलटा केला, वाळू पडली. बोलायला तोंड उघडलं आणि दाताखाली कच्चकन काहीतरी आलं.

"ही वाळू," साहेब थुंकत म्हणाले, "सगळीकडे गेलीय. जाता जात नाहीये."

द्रौपदीबाईंच्या तोंडून पंधरा वर्षांचं एकदम बाहेर पडलं. "साहेब, तुम्ही तासभर होतात. आमचा जवळा दोन दिवस पडून असतो."

साहेबांनी जवळ्याकडे बघितलं. जवळा त्यांच्या बाहीलाही चिकटला होता. माणूस आणि जवळा यांच्यात एवढी सहानुभूती त्याआधी कुठल्या कार्यालयात निर्माण झाली नसेल. साहेबांनी वही मागवली. लाटेत पडून तीही ओली झाली होती. ऋजुतानं ती घेतली आणि वाळूवर उघडी करून ठेवली. सुकल्यावर साहेबांनी सही केली.

ओटा मंजूर झाला.

दोन महिन्यांत तो बांधूनही झाला. गुळगुळीत, उंच, चारी बाजूंनी कठडा. पेंटर येऊन पाटी रंगवून गेला, 'सुक्या मासळीचा ओटा. येथे इतर काहीही ठेवू नये.' द्रौपदीबाई रोज सकाळी जाऊन ओट्यावरून हात फिरवायच्या. सुनेबद्दल कुणी काही बोललं की म्हणायच्या, "असू दे. तिच्या वाळूनं ओटा आला." यमुनाकाकूसुद्धा आता तिला हाक मारून चहा द्यायच्या. चपला मात्र आधी घरात घ्यायच्या.

किनारा स्वच्छ राखल्याबद्दल तालुक्याला मेळाव्यात महिला गटाचा सत्कार ठरला. दोन दिवसांचा मेळावा. बावीसही बायका निघाल्या. नेमका त्याच सकाळी मोसमातला पहिला मोठा जवळा आला, दहा टोपल्या. ओट्यावरचा पहिला जवळा. घरी राहणार होती फक्त ऋजुता.

द्रौपदीबाई गाडीत पाय ठेवून थांबल्या. सुनेकडे बघितलं. तिनं ओढणीचं टोक हातात तयार धरलेलं होतं.

"नाय," द्रौपदीबाई म्हणाल्या. "मी काय सांगत नाय. माझ्या सांगण्यानंच सगळं होतं. तू पाटी वाच. पाटीवर लिहिलंय तसं कर. साहेबांना घेऊन येते मी परवा, पहिला जवळा तेच चाखणार आहेत. माझी लाज त्या ओट्यावर आहे, एवढं लक्षात असू दे."

"बरं," ऋजुता म्हणाली.

तिसऱ्या दिवशी गाडी आली. गळ्यात हार घातलेल्या बावीस बायका उतरल्या, मागून कुरणे साहेब उतरले. ओट्यावर जवळा एकसारखा पसरलेला होता, गुलाबी, कुरकुरीत. असा देखणा जवळा पुळणवाडीत कुणी पाहिला नव्हता. कठड्यावर कावळाही बसलेला नव्हता. ऋजुता काठी घेऊन राखणीला उभी होती, दोन दिवसांची जागी, उन्हानं काळवंडलेली.

द्रौपदीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा सुनेच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग चिमूटभर जवळा साहेबांच्या हातावर ठेवला.

साहेबांनी तो तोंडात टाकला. कच्चकन आवाज आला. साहेब चावायचे थांबले.

"ही वाळू," ते हळूच म्हणाले, "माझ्या ओळखीची आहे."

द्रौपदीबाईंनी स्वतः चिमूट उचलली. कच्चकन. यमुनाकाकूंनी उचलली. कच्चकन. मग बराच वेळ कुणी काही चावलं नाही.

"ऋजुता," द्रौपदीबाई म्हणाल्या, "हा जवळा ओट्यावर सुकवलास ना?"

"छे, आई. पाटी वाचली मी. सुक्या मासळीचा ओटा, इतर काही ठेवू नये. आणि जवळा तर ओला होता." तिनं शांतपणे वाळूकडे बोट दाखवलं. "आधी सगळा तिकडे वाळूत सुकवला. दोन दिवस. तासातासानं उलथला. पूर्ण सुकला तेव्हाच उचलून इथे मांडला. हात लावून बघा, एक दाणा ओला नाही."

कुणीच हात लावून बघितला नाही. द्रौपदीबाई पाटीकडे बघत तशाच खाली बसल्या, थेट वाळूत.

ऋजुतानं ओढणी चाचपून बघितली. सगळ्या गाठी जागच्या जागी होत्या. सासूचा एकही शब्द खाली पडला नव्हता. खाली वाळूत पडला होता तो फक्त जवळा.